०.९, ०.९ आणि "तेवढं वाटतं"

"मॅट्रिक्स इज नॉट पॉझिटिव्ह डेफिनिट." आज पुन्हा तीच एरर. मॉडेलला सुरुवातीचे आकडे द्यायला कोरिलेशनची मॅट्रिक्स लागते, म्हणजे कोणत्या दोन गोष्टी किती एकत्र हलतात (-१ ते १) याचा तक्ता; त्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, असं ती सांगतेय. अरे, जुळतीलच कसे? तीन शहाण्यांनी एकमेकांना न विचारता तीन आकडे भरलेत! उत्पन्न-खर्च ०.९. खर्च-कर्ज ०.९. उत्पन्न-कर्ज मात्र ०.३. का? तर "तेवढं वाटतं." अहो, खर्चाचं दोघांशी एवढं मेतकूट असताना तिसरा आकडा ०.६२ च्या खाली येऊच शकत नाही. हे गणित आहे, मतदान नाही!

मेलवर हे सगळं नीट, आवाज न चढवता लिहिलं. साहेबांचं उत्तर : "डायगोनलवर थोडं काहीतरी वाढव आणि रन कर." थोडं काहीतरी! डायगोनल म्हणजे कर्ण, तिथे सगळे १; त्या प्रत्येकात ०.१३ हून जास्त वाढवावं लागतं, आणि मग ते परत १ वर आणताना तुमचं लाडकं ०.९ थेट ०.८ च्या खाली घसरतं. हायम नावाच्या गणितज्ञानं २००२ मध्ये सर्वांत जवळची वैध मॅट्रिक्स काढायची रीत दिलीये, ती वापरली तर म्हणणार, "आमचे आकडे का बदललेस?" आणि पायथनच्या नम्पाय लायब्ररीचं, एकमेकांत गुंतलेले रँडम आकडे काढणारं तयार मल्टिव्हेरिएट फंक्शन वापरा, तर ते नुसती वॉर्निंग देऊन खुशाल आकडे हातात ठेवतं. वॉर्निंग वाचतंय कोण इथे!

मॅट्रिक्सचा त्रिकोण करायची पद्धत चोलेस्कीची; त्या त्रिकोणानं रँडम आकड्यांना गुणलं की त्यांच्यात कोरिलेशन येतं. तो १९१८ मध्ये युद्धात गेला, त्याची पद्धत छापून आली १९२४ मध्ये. सुटला बिचारा. नम्पाय खालचा त्रिकोण देतं, दुसरी लायब्ररी सायपाय न सांगता वरचा. उलटा गुणला तरी एरर नाही, आकडे छान येतात, कोरिलेशन भलतंच.

आणि लॉगनॉर्मलवाले (ज्यांच्या आकड्यांचा लॉग घेतला की नॉर्मल वितरण मिळतं)! सिग्मा, म्हणजे त्या लॉगचा पसारा, दोन्हीकडे १, आणि कोरिलेशन हवं -०.८. -०.३७ च्या खाली जाताच येत नाही, कितीही डोकं आपटा. "पण एक्सेलमध्ये टाकता येतं की." टाका. एक्सेलच्या सेलमध्ये काहीही टाकता येतं.

खरं तर एवढा थयथयाट कशासाठी, तर मॉडेलच्या पहिल्या क्षणासाठी. पुढे बर्न-इनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांत, ते सगळं फेकूनच द्यायचंय. मॉडेल सुरुवात विसरतं, मला मात्र गेल्या प्रोजेक्टची मॅट्रिक्ससुद्धा तोंडपाठ आहे. घरी कुणी "अंदाजे" म्हणालं तरी माझी मान वळते.

असो. रँडम आकड्यांचं सीड (सुरुवातीचा आकडा) ४२ च ठेवणाऱ्यांबद्दल पुन्हा कधीतरी. आत्ताच मेल आलाय : रिपोर्टमध्ये कोरिलेशन चार दशांश स्थळांपर्यंत द्यायचंय म्हणे.