राजाच्या नावाचा शिक्का आणि कलम ८

मी राहते त्या स्वीडनमधील उप्सालामध्ये दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील शाळा बंद करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. पालकांनी मला कागदपत्रे मागवण्यास सांगितले, म्हणून मी कार्यालयाच्या नोंदणी कक्षाला तीन ओळींचा ईमेल पाठवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खर्चाचा अंदाज, इमारतीचा तपासणी अहवाल आणि अधिकाऱ्यांमधील टिपणे माझ्यापर्यंत पोहोचली. मी कोण, कोणत्या देशाची नागरिक, कागद कशासाठी हवेत, यांपैकी काहीही विचारले गेले नाही, कारण कायद्याने सहसा तसे विचारता येत नाही. यंदा माझ्या मामांनी गावाकडे पाणंद रस्त्याच्या खडीकरणाची मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली देयके माहिती अधिकारात मागितली, तेव्हा त्यांना एका ओळीचे उत्तर आले : ही माहिती त्रयस्थाच्या वैयक्तिक माहितीशी संबंधित असल्याने देता येत नाही. प्रथम अपिलातही तेच उत्तर कायम राहिले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या, माहिती कधी नाकारता येते हे सांगणाऱ्या कलम ८ मध्ये केलेल्या बदलावर आपल्याकडे जो वाद चालू आहे, तो मी या दोन अनुभवांच्या मध्ये उभी राहून वाचते. त्या वादात स्वीडनचे नाव निघाले की कोणीतरी हमखास म्हणते, तो एक कोटीचा श्रीमंत देश आहे, त्यांना परवडते. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

स्वीडनने सरकारी कागद पाहण्याचा हक्क कायद्यात लिहिला तो २ डिसेंबर १७६६ रोजी. फिनलंड धरूनही देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस लाख होती, युद्धांनी आणि बेसुमार छापलेल्या कागदी चलनाने तिजोरी खिळखिळी झाली होती, आणि बहुसंख्य लोकांना मताधिकार नव्हता. १७१८ मध्ये बारावा कार्ल रणांगणावर मारला गेल्यानंतर सरदारांनी राजाची अनियंत्रित सत्ता मोडून काढली आणि कारभार सरदार, पाद्री, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांच्या संसदेकडे गेला. आडॉल्फ फ्रेड्रिक राजा आदेशांवर सही करण्यास नकार देऊ लागला, तेव्हा मंत्रिमंडळाने त्याच्या सहीचा शिक्काच तयार करून घेतला आणि राजाने हात आखडला की तो शिक्का कागदावर उमटवला जाऊ लागला.

राजाची सत्ता गेली म्हणून लोकांना काही कळू लागले, असे मात्र झाले नाही. परराष्ट्र धोरण, युद्ध आणि पैसा यांचे खरे निर्णय संसदेच्या एका गुप्त समितीत होत आणि त्या समितीत शेतकरी वर्गाला सहसा प्रवेश नसे. जो वर्ग कर भरत होता आणि सैन्यात माणसे पाठवत होता, त्यालाच हिशोब पाहता येत नव्हता. ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा होता आंदेर्स किडेनियस या फिनलंडच्या किनारपट्टीवरच्या गरीब पाद्र्याचा. १७६६ च्या या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्याची बाजू त्याने त्यासाठीच्या समितीत लढवली, पण चलनविषयक निर्णयावर टीका करणारी पुस्तिका छापल्याबद्दल त्या वर्षीच त्याला संसदेतून काढून टाकण्यात आले आणि कायदा मंजूर झाला तेव्हा तो सभागृहात नव्हता. त्या कायद्याने धर्मविषयक लेखन वगळता छापण्याआधीची तपासणी बंद केली आणि सरकारी दस्तऐवजांच्या प्रती मिळवण्याचा व छापण्याचा हक्क दिला.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट १७७२ मध्ये राजा गुस्ताव तिसरा याने सैन्याच्या बळावर सत्ता परत हातात घेतली आणि १७७४ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याची स्तुती करतच नवा, आखडता कायदा आणला. १७९२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरात मुखवट्यांच्या नृत्याच्या वेळी त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याच्या मुलाच्या काळात फिनलंड रशियाकडे गेले, १८०९ मध्ये त्याला पदच्युत करून नवी राज्यघटना झाली, आणि त्यानंतरच हा हक्क पुन्हा पक्क्या पायावर आला. म्हणजे हक्क मिळाल्यावर आठ वर्षांत तो छाटला गेला आणि पुन्हा उभा राहायला पस्तीसहून अधिक वर्षे लागली. तरीही पुढे १८१८ मध्ये राजा झालेला मूळचा फ्रेंच सेनानी बर्नादोत याच्या राजवटीत सरकार नको ती वृत्तपत्रे बंद करू शके. ‘आफ्तोनब्लादेत’ बंद केले की नाव किंचित बदलून ते पुन्हा निघे. सरकारचा तो अधिकार १८४० च्या दशकात संपला. आज हा कायदा देशाच्या चार मूलभूत कायद्यांपैकी एक आहे.

आपल्याकडील बदलाच्या समर्थकांचे दोन मुद्दे मी गांभीर्याने घेते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा पहिला. त्याची किंमत इथेही दिसते : कोणाचाही पत्ता आणि जन्मतारीख संकेतस्थळांवर सहज सापडते, त्याचा गुन्हेगार गैरवापर करतात आणि त्यावर इथेही तीव्र चर्चा चालू आहे. दुसरा मुद्दा असा की व्यापक जनहित असेल तर माहिती देण्याची तरतूद कलम ८ मध्ये आजही शिल्लक आहे. पण ते जनहित ठरवतो अधिकारी, आणि ते दाखवून देण्याची जबाबदारी प्रत्यक्षात मामांसारख्या अर्जदारावर येऊन पडते. जुन्या शब्दांत सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणात शिरकाव करणारी माहितीच नाकारता येत होती. आता ‘वैयक्तिक’ एवढा एक शब्द पुरेसा झाला आहे, आणि सरकारी पैशाच्या कोणत्या देयकावर कोणाचे तरी नाव नसते?

त्या कलमातून आणखी एक वाक्य गेले आहे, ज्याची मला सर्वाधिक हळहळ वाटते : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. गुप्त समितीत बसलेल्यांना जे दिसते ते दाराबाहेरच्या शेतकऱ्यालाही दिसले पाहिजे, हेच ते वाक्य सांगत होते. केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या आणि त्यासाठी अण्णा हजारे यांच्यासह गावोगावच्या लोकांनी आंदोलन केलेल्या महाराष्ट्रातून ते वाक्य परत आणण्याची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात यायला हवी. मामांनी द्वितीय अपील दाखल केले आहे. त्याच्या मसुद्यात मी ते जुने वाक्य जसेच्या तसे लिहून द्यायला सांगितले, आणि ते आता कायद्यात नाही हे माहीत असूनही त्यांनी ते लिहिले.