बंदुका खऱ्या, पण त्यांचे वाटप खोटे: ‘बॅटलफिल्ड वन’विषयी

‘बॅटलफिल्ड वन’ हा पहिल्या महायुद्धावरचा व्हिडिओ खेळ २०१६ साली आला आणि आजही तो मनापासून खेळणारे पुष्कळ जण आहेत. मीही त्यांतला एक आहे. त्या काळातील बंदुका इतक्या बारकाईने घडवलेला दुसरा लोकप्रिय खेळ माझ्या पाहण्यात नाही, आणि म्हणूनच त्यातील शस्त्रांबद्दलची माझी तक्रार मला सविस्तर मांडावीशी वाटते. या खेळात एकेक बंदूक पाहिली तर ती बरीचशी खरी वाटते. परंतु ती कोणत्या वर्षी, कोणाच्या हातात आणि किती संख्येने होती, हे खेळाने जवळजवळ पुसून टाकले आहे.

आधी जे उत्तम आहे त्याविषयी लिहितो. ब्रिटिश सैन्याची ‘एसएमएलई मार्क थ्री’ ही ली-एनफिल्ड रायफल घ्या. आपल्याकडे तिच्याच घराण्यातील बंदूक ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसत होती. तिच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, दहा काडतुसे मावतात आणि ती पाच-पाच काडतुसे एकत्र धरणाऱ्या दोन क्लिपांनी भरली जातात. खेळात पाचांहून कमी गोळ्या झाडून बंदूक भरायला घेतली, तर सैनिक एकेक काडतूस बोटाने आत ढकलतो; पाच किंवा अधिक जागा रिकामी असेल, तर तो क्लिप खाचेत बसवून अंगठ्याच्या एका दाबात पाचही काडतुसे खाली उतरवतो. या रायफलीच्या बोल्टची, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर काढून नवे आत सरकवणाऱ्या दांड्याची, मूठ मागे, चापाजवळ असते. त्यामुळे गोळी झाडल्यावर हात फार लांब न्यावा लागत नाही, आणि याच रचनेच्या बळावर त्या काळच्या ब्रिटिश सैनिकाकडून मिनिटाला किमान पंधरा नेमबद्ध गोळ्यांची अपेक्षा केली जात असे. बोल्ट ओढण्याचा, रिकामे काडतूस बाहेर पडण्याचा आणि बोल्ट पुन्हा बसण्याचा असे तीन वेगळे आवाज खेळात स्पष्ट ऐकू येतात. हे काम करणाऱ्यांनी खरी रायफल नीट न्याहाळलेली आहे, यात मला शंका नाही.

मात्र याच रायफलीला खेळाने एक विचित्र नियम लावला आहे. तिची गोळी साधारण ४० ते ७५ मीटर या टप्प्यात छातीवर लागली तर एका फटक्यात मारते. त्याहून जवळून लागली तर शत्रू जखमी होऊन निसटू शकतो. प्रत्यक्षात बंदुकीच्या नळीतून नुकत्याच सुटलेल्या गोळीत सर्वाधिक जोर असतो. खेळाचा तोल राखण्यासाठी हा नियम केला हे मला समजते, परंतु त्यामुळे खऱ्या युद्धातील सर्वांत सामान्य शस्त्र खेळात सर्वांत अवघड होऊन बसले.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या खेळात फाओच्या किल्ल्याचा एक नकाशा, म्हणजे लढाईचे एक मैदान, आहे. इराकच्या दक्षिण टोकाला, शत्त अल-अरब नदीच्या मुखाशी असलेले हे ठिकाण आपल्या लोकांना परके वाटण्याचे कारण नाही. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी तेथे ज्या मोहिमेला प्रारंभ झाला, तिची पहिली तुकडी म्हणजे सहाव्या पूना डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड होती. एका ब्रिटिश पलटणीबरोबर तीन हिंदी पलटणी तीत होत्या आणि त्यांतली एक ‘११७ मराठा’ होती. ब्रिटिश नौदलाच्या तोफांनी तुर्कांच्या तोफा बंद पाडल्यानंतर सैन्य किनाऱ्यावर उतरले, आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वीच बसरा ब्रिटिशांच्या हाती आले. या सैनिकांकडे ली-एनफिल्ड रायफल होती, संगीन होती, आणि शेकडो जवानांच्या संपूर्ण पलटणीमागे फक्त दोन मशीनगन होत्या. मशीनगनचे महत्त्व त्या दोनच असण्यात होते. ती कोठे लावायची, तिच्यासाठी पाणी आणि काडतुसे कोणी वाहायची, ती बंद पडली तर कोणी पुढे सरकायचे, यावर दिवसाचा निकाल ठरू शकत असे.

खेळातल्या फाओवर मात्र मशीनगन आणि सबमशीनगन (एकट्याने हातात धरून झाडायची छोटी मशीनगन) यांचा सुकाळ आहे. सर्वांत जास्त दिसते ती इटलीची ‘ऑटोमॅटिको १९१८’. ती मूळच्या दुनळी व्हिलार पेरोसा मशीनगनपासून तयार झाली आणि तिच्या नावातच तिचे साल आहे. १९१४ च्या नोव्हेंबरात ती ना तुर्कांकडे होती, ना हिंदी सैन्याकडे. जर्मनांची ‘एमपी १८’ही अशीच युद्धाच्या शेवटच्या वर्षातली. ‘हेलरीगल १९१५’ तर ऑस्ट्रिया-हंगेरीत चाचणीसाठी बनवलेले शस्त्र होते, आणि आज तिचा पुरावा म्हणून मोजकी छायाचित्रेच काय ती शिल्लक आहेत. खेळात ती कोणत्याही बाजूच्या कोणत्याही खेळाडूला मिळू शकते. जे शस्त्र युद्धात जवळजवळ नव्हतेच, ते पडद्यावर प्रत्येक खंदकात दिसते, आणि ज्या रायफलीने लाखो माणसे लढली ती केवळ दूरवरून नेम धरणाऱ्यांपुरती उरते.

यावरचे नेहमीचे उत्तर असे की सर्वांना बोल्ट ओढायच्या रायफली दिल्या, तर खेळ कंटाळवाणा होईल. हे मला पटत नाही, आणि याचा पुरावा याच खेळात आहे. ‘बॅक टू बेसिक्स’ नावाचा एक प्रकार निर्मात्यांनी काही काळ उपलब्ध करून दिला होता, ज्यात प्रत्येकाला आपापल्या सैन्याची नेहमीची रायफलच मिळत असे. त्यात खेळाची चाल पूर्ण बदलून जायची. एक गोळी हुकली की पुढची तयार होईपर्यंत आपण उघडे पडतो, म्हणून शेजारच्याने त्या क्षणी गोळी झाडणे आवश्यक होते. पाच जणांचे पथक आपोआप एकमेकांची वेळ सांभाळू लागते. एक जण बंदूक भरतो तेव्हा दुसरा नेम धरून थांबतो. एरवी याच खेळात पाच जण पाच दिशांना धावतात, कारण प्रत्येकाच्या हातातले शस्त्र त्याला एकट्याने लढण्याची मुभा देते. ‘व्हर्दून’ या छोट्या खेळाने तर चार जणांचे पथक आणि बोल्ट रायफल यांवरच सगळा डाव उभा केला, आणि त्यालाही निष्ठावान खेळाडू मिळालेच.

आणखी एक गोष्ट मला खटकते. या खेळात बंदूक कधीच अडकत नाही. फ्रेंच ‘शोशा’ या हलक्या मशीनगनच्या मॅगझिनला बाजूने उघड्या फटी होत्या; त्यांतून खंदकातला चिखल आत जाई आणि बंदूक बंद पडे. ली-एनफिल्डच्या बोल्टवर सैनिक कापडी आच्छादन बांधत, तेही मातीपासून बचाव म्हणूनच. सिनायच्या नकाशावर वाळूचे वादळ येते तेव्हा समोरचे दिसेनासे होते, हे फार सुंदर केले आहे; पण ती वाळू बंदुकीत मात्र शिरत नाही. ज्यांनी मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) धुळीत दोन-दोन वर्षे काढली, त्यांच्या दिवसाचा मोठा भाग शस्त्र साफ करण्यात गेला असणार, आणि त्याचा मागमूसही खेळात नाही.

सातारा, रत्नागिरी या भागांतल्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ असे सांगणाऱ्या दगडी पाट्या आजही आहेत. त्या माणसांनी काय वाहिले, कशाने लढाई केली, हे आजच्या तरुणांपैकी बहुतेकांना पुस्तकापेक्षा खेळातूनच कळणार आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नकाशाला त्याचे साल असते, आणि त्या सालात जे शस्त्र नव्हते ते तेथे मिळू नये. दुर्मीळ शस्त्र संपूर्ण बाजूत एखाद-दुसऱ्यालाच मिळावे आणि ते मिळवण्यासाठी पथकाने आपसांत ठरवावे लागावे. ज्यांना मोकळा धुमाकूळ हवा आहे त्यांच्यासाठी वेगळा प्रकार खुशाल ठेवावा. पण फाओच्या नकाशावर मुख्य खेळ सुरू होईल तेव्हा खेळाडूच्या हाती दहा काडतुसांची ली-एनफिल्ड असावी, आणि मशीनगन पाहिजे असेल तर ती पूर्ण पलटणीत दोनच आहेत हे त्याला आधीच कळावे.