सगळं खापर ट्रम्प यांच्यावरच का?

अमेरिकेचा दबदबा ओसरल्याचं सगळं खापर लेखात ट्रम्प यांच्या डोक्यावर फोडलंय, ते काही पटलं नाही. टीपीपीचंच (ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप) बघा. चीनला बाजूला ठेवून अमेरिकेसह प्रशांत महासागराभोवतालच्या 12 देशांचा व्यापार करार, ओबामांनी जमवत आणलेला. 2016च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात ओबामांच्याच पक्षाच्या उमेदवार हिलरी क्लिंटनसुद्धा त्याच्या विरोधात बोलत होत्या. ओहायो, पेनसिल्व्हेनियातल्या बंद कारखान्यांच्या गावांत मतं मागायची होती ना! जानेवारी 2017मध्ये ट्रम्प यांनी सही करून बाहेर पडायचं तेवढं उरकलं. पुढे बायडेन आले, तेही त्या वाटेला फिरकले नाहीत. उरलेल्या 11 देशांनी जपानच्या पुढाकाराने करार केलाच. आणि 2021मध्ये त्यात सामील व्हायला अर्ज कोणी टाकावा? चीनने! लेखात यावर एक ओळही नसावी, याचं नवल वाटलं.