सायनस ‘मुळापासून’ घालवणाऱ्या संदेशाची तपासणी

‘सायनस म्हणजे पोटातून डोक्यात चढलेला कफ, दूध आणि गार पाणी बंद करा, रोज वाफ घ्या, नाकपुडीत लसणाची पाकळी ठेवा, मीठपाण्याने नाक धुवा, २१ दिवसांत आजार मुळापासून जाईल,’ अशा आशयाचा संदेश बराच काळ फिरतो आहे. यांतल्या काही उपायांनी बरे वाटते हे खरे, पण बरे वाटणे आणि आजार जाणे यांतला फरक या संदेशाने पुसून टाकला आहे.

पहिले विधानच शरीररचनेला धरून नाही. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या असतात आणि त्यांतला श्लेष्मा त्यांच्याच अस्तरात तयार होतो, पोटातून येत नाही. गालातल्या पोकळीचे तोंड तर वरच्या बाजूला असते, त्यामुळे माणूस उभा असताना तिथला श्लेष्मा आपसूक वाहून जात नाही, अस्तरावरच्या सूक्ष्म रोमांना तो वर ढकलावा लागतो. सर्दीने अस्तर सुजले की हे अरुंद तोंड बुजते आणि चेहरा ठणकू लागतो. असा तीव्र दाह बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि साधारण १० दिवसांत आपोआप ओसरतो. २१ दिवसांची मुदत मागणाऱ्याने पैज आधीच जिंकलेली असते.

दुधाने श्लेष्मा वाढतो ही समजूत फार जुनी आहे आणि तिची थेट परीक्षाही झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० निरोगी स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून त्यांच्या नाकातल्या स्रावाचे वजन रोज मोजले गेले. कोणी दूध अजिबात घेत नव्हते, तर कोणी दिवसाला ११ पेल्यांपर्यंत घेत होते. तरीही दूध आणि स्राव यांचा संबंध आढळला नाही. दूध लाळेत मिसळून काही क्षण दाट लागते, तेवढ्यावरून घशात कफ साठल्याचा भास होतो. ज्यांना दुधाची खरोखर ॲलर्जी आहे त्यांची गोष्ट वेगळी.

गार पाण्याबाबत संदेशात थोडे तथ्य आहे. १९७८ च्या एका छोट्या प्रयोगात गरम पाणी किंवा कोंबडीचे सूप घोट घोट प्यायल्यावर नाकातला श्लेष्मा सरकण्याचा वेग वाढला आणि गार पाण्याने तो मंदावला; मात्र गरम पेयांचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला. गरम पेय अवश्य घ्यावे, पण त्याला अर्ध्या तासाचा आराम म्हणावे.

लसणाच्या पाकळीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पाकळी काढल्यावर जे वाहते ते आत साठलेले नसते, नाकाच्या जळजळलेल्या अस्तराने नव्याने सोडलेले पाणी असते.

वाफ आणि मीठपाणी यांची तुलना इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झाली (२०१६). वाफेमुळे डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी लक्षणांत फरक पडला नाही. नाक धुण्याचा फायदा बेताचाच, पण ६ महिन्यांनंतरही दिसणारा होता. म्हणजे ज्या उपायाला आधार आहे तो संदेशात एका ओळीत उरकला आहे आणि त्यातला धोका तर सांगितलेलाच नाही. २०११ साली अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा, त्या पाण्यातला अमीबा मेंदूपर्यंत पोचून मृत्यू झाला. तेच पाणी प्यायल्याने हा संसर्ग होत नाही, नाकावाटे वर गेल्यास होतो. म्हणून पाणी किमान १ मिनिट खळखळ उकळून कोमट केलेले किंवा निर्जंतुक असावे, लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ घालावे आणि भांडे प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे.

‘कपाळ दुखते म्हणजे सायनसच’ असे संदेश गृहीत धरतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ सांगणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणे प्रत्यक्षात अर्धशिशीच्या प्रकारची निघाली. अशांनी वर्षानुवर्षे वाफ घेऊन काय साधणार? एकाच बाजूचा गाल दुखून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर मूळ बहुधा वरच्या दाढेत असू शकते. १२ आठवड्यांहून अधिक रेंगाळलेला त्रास कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. आणि डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान ताठणे किंवा तापासह असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.