‘एका गोळीचं कोण विचारतंय?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना प्रवासी’ या नावाने लिहिणाऱ्यांना,

उतारवयातल्या स्वस्त प्रवास विम्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही भरभरून लिहिलंत. वार्षिक पॉलिसीबद्दल मी चुकले, क्रेडिट कार्डासोबत येणारा विमा पुरतो, मी म्हाताऱ्यांना घाबरवून ‘एजंटची भाषा’ बोलते, आणि ‘बीपीची एक गोळी फॉर्मवर लिहिली नाही तर कोण विचारतंय?’ शेवटी वर ‘बाई, आधी जरा जग फिरा, मग लिहा.’

हे शेवटचं वाक्य नसतं, तर मी चार ओळींत उत्तर दिलं असतं. मी बहात्तर वर्षांची आहे आणि निवृत्तीनंतरची बरीच वर्षं मी आणि माझे यजमान, आम्ही नवराबायको फिरतोच आहोत. मतभेद असू देत, पण ओळखदेख नसलेल्या माणसाला ‘जग फिरा’ म्हणून सुनावणं ही कुठली रीत?

वार्षिक पॉलिसीचं तुमचं बरोबर आहे. ‘ती नेहमीच स्वस्त पडते’ हे मी सरसकट लिहायला नको होतं. वर्षातून एकदाच जाणाऱ्याला एका प्रवासाची पॉलिसी पुरते, आणि वार्षिक पॉलिसीत प्रत्येक प्रवासाला दिवसांची मर्यादा असते, हेही सांगायचं राहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता गोळीचं. कोण विचारतंय? सांगते.

काही वर्षांपूर्वी परदेशात रात्री दोनच्या सुमारास यजमानांच्या छातीत दुखू लागलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरणीने पहिलं विचारलं ते हेच, रोज कुठली औषधं घेतात? मी पर्समधून अर्धी संपलेली स्ट्रिप काढली. तिने ती दिव्याखाली धरली, नाव उतरवून घेतलं आणि विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, आठ वर्षं. तिने तेही लिहिलं. त्या क्षणी कुठली बायको खोटं बोलेल? क्लेमसोबत केसपेपर गेला, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत बीपी, आठ वर्षं. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जावर मात्र आधीच्या आजारांच्या रकान्यात ‘नाही’. क्लेम नाकारला. म्हणजे विमा कंपनीला कुणी हेर पाठवावा लागला नाही, आम्हीच सांगितलं, आणि सांगणं भागच होतं.

तो ‘नाही’ कुणी लिहिला होता? आमच्या एजंटने. ‘मावशी, कशाला उगाच प्रीमियम वाढवता, एका गोळीचं कोण विचारतंय,’ असं म्हणून त्याने खूण केली आणि मी न वाचता सही केली. चूक माझी होती, मान्य. पण तुमचं वाक्य आणि त्याचं वाक्य शेजारी ठेवून बघा. एजंटची भाषा मी बोलते की तुम्ही? ते बिल फेडायला ठेव मोडावी लागली. हे मी घाबरवायला सांगत नाही, घडलं ते सांगते.

आणि हा नियम काही कुणा कंपनीने काल काढलेला नाही. विमा घेणाऱ्याने जोखमीवर परिणाम करणारी माहिती दडवू नये, हे तत्त्व इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1766 मध्येच एका निकालात मांडलं. आज माहिती दडवण्याचे परिणाम देशोदेशी वेगळे आहेत. काही ठिकाणी पैसे कापून देतात, काही ठिकाणी काहीच देत नाहीत. काही पॉलिसींत तर प्रवासाआधीच्या ठरावीक काळात गोळीचा डोस बदलला, तरी तो आजार ‘स्थिर’ धरत नाहीत, आणि मग त्याचा खर्च मिळेलच असं नाही.

कार्डाच्या विम्याबद्दल एवढंच, की त्यातली वयाची अट आणि आधीच्या आजारांचं कलम वाचा. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं आणि त्यात मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. कार्डाच्या कागदात ते लिहिलेलं आहे का, बघा.

स्वस्त पॉलिसी हवी असेल, तर खरं लिहूनही ती मिळते, आणि माझ्या लेखाचा निम्मा भाग त्यावरच होता. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. अमेरिका-कॅनडाला जायचं नसेल, तर ते वगळून पॉलिसी घ्या. सामानाचं कव्हर नको असेल, तर काढून टाका. झेपेल तेवढं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः सोसायचा पहिला हिस्सा, वाढवा. नवराबायकोच्या वयात अंतर असेल, तर एकत्र आणि वेगवेगळ्या पॉलिसीचे दोन्ही आकडे मागवा. फक्त एक बघा, एकूण कव्हर मोठं दिसतं, पण साठीनंतर काही योजनांत खोलीभाडं, शस्त्रक्रिया अशा एकेका खर्चावर वेगळी मर्यादा असते. आकडा तिथे आवळला जातो.

‘सगळे आजार लिहा, प्रीमियम वाढला तरी लिहा’ हे वाक्य काढा, असं तुम्ही म्हणता. ते मी काढणार नाही. यजमान आता सगळ्या गोळ्यांची नावं, डोस आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवतात. पुढचा फॉर्म तोच कागद समोर ठेवून मी स्वतः भरणार आहे.