श्रवण: लेखात राहिलेलं थोडंसं

श्रवण या ताऱ्यावरचा (इंग्रजीत Altair) लेख आवडला, पण त्यात श्रवणाचं अंतर (सुमारे १७ प्रकाशवर्षे) आणि तेज सांगून त्याचं स्वतःभोवती फिरणं मात्र एका ओळीत उरकलंय. खरी गंमत तिथेच आहे! आपल्या सूर्याला विषुववृत्तावर एका फेरीला जवळजवळ २५ दिवस लागतात. वस्तुमानाने सूर्याच्या पावणेदोनपटीहून मोठा श्रवण ती साधारण ८-९ तासांत उरकतो. त्यामुळे तो मधोमध फुगलाय, ध्रुवांकडे चपटा झालाय. फुगलेला भाग केंद्रापासून लांब, तिथे गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तो ध्रुवांपेक्षा दीडएक हजार अंशांनी थंड आणि मंद. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या दुर्बिणी जोडून घेतलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिमेत हा चपटेपणा चक्क दिसतो.

नावांबद्दल: श्रवणाच्या अरबी नावाचा ‘उडता गरुड’ हा अर्थ लेखात आलाय. पण श्रवणाच्या दोन्ही बाजूंच्या ताऱ्यांशिवाय ही गोष्ट अपुरी आहे. आपल्याकडे हे तिघे म्हणजे विष्णूची तीन पावलं. चीनमध्ये मधला गुराखी आणि बाजूला त्याची दोन मुलं. आकाशगंगेच्या पट्ट्यापलीकडचा अभिजित तारा ही त्याची विणकर बायको. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या आदिवासींत श्रवण हा बुंजिल, म्हणजे पुन्हा गरुडच, आणि शेजारच्या दोघी त्याच्या बायका. अरबांशी काही संबंध नसताना!

चिनी कथेत नवरा-बायको वर्षातून एकदा भेटतात म्हणे. प्रत्यक्षात त्या दोन ताऱ्यांमध्ये सुमारे १५ प्रकाशवर्षांचं अंतर आहे, तेव्हा कठीणच.

आणि हो, श्रावणात ढगांमुळे श्रवण शोधायच्या फंदात पडू नका. ऑक्टोबरात अंधार पडला की तो महाराष्ट्रातून जवळपास डोक्यावर असतो.