वडाचं पान आणि बोन्सायचं प्रमाण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वड-पिंपळाच्या बोन्सायबद्दलच्या माझ्या लिखाणावर इतकं मुद्देसूद लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन: वड-पिंपळाच्या बोन्सायमध्ये पान आणि खोड यांचं प्रमाण कधीच जमत नाही; पान लहान करायचं तर झाडाला उपाशी ठेवावं लागतं; आणि नवशिक्यांना मायक्रोकार्पा, बेंजामिना (वडाच्याच जातकुळीतली लहान पानांची झाडं) सोडून इकडे वळवणं ही दिशाभूल आहे.

उपासमारीचं आधी घेतो, कारण हा गैरसमज फार मुरलेला आहे. उपाशी झाडाला पानं कमी येतात, पिवळी पडतात, फांद्या वाळतात. पान लहान होतं ते फांद्यांच्या गर्दीमुळे. एका फांदीच्या चार आणि चाराच्या सोळा झाल्या की तीच ताकद सोळा शेंड्यांत वाटली जाते. त्याला भरपूर ऊन हवं. सावलीतलं झाड उजेड गोळा करायला पान आणखी रुंद करतं. आणि शेंडा वेळेवर खुडायला हवा. वडाच्या शेंड्याला टोकदार टोपीसारखं आवरण असतं. ते उघडून नवं पान पसरण्याआधीच नखाने काढलं, तर मागच्या पानांच्या बगलेतले डोळे (जिथून नवा फुटवा येतो ते) जागे होतात.

नवं पान लहान यावं म्हणून झाडाची सगळी पानं काढणं तुम्हाला क्रूर वाटतं. अशक्त झाडावर किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडावर केलं तर ते क्रूरच आहे. पण उबदार दिवसांत, जोमाने वाढणाऱ्या आणि नीट खत मिळालेल्या झाडावर केलं तर वड ते सहज पचवतो. देठ ठेवून फक्त पातं कापायचं. चीक टपटपतो, थोड्या वेळाने आपोआप थांबतो. मग देठ पिवळा पडून हात लावताच गळतो आणि त्याच्या बुडाशी डोळा फुगलेला दिसतो. त्यातून येणारं पान आधीच्यापेक्षा लहान असतं. एरवी 10 ते 20 सेंटिमीटरचं वडाचं पान असं निम्म्यावर आणता येतं.

पण त्याहून लहान करण्याच्या मागे मी लागत नाही, आणि प्रमाणाच्या मुद्द्यावर आपलं खरं मतभेदाचं ठिकाण हेच आहे. तुम्ही वीतभर उंचीचा वड डोळ्यांपुढे ठेवून बोलताय. तो बेढब दिसणारच! दोन-अडीच फुटांचं झाड, जाड खोड, पसरलेली मुळं आणि एखाद-दोन पारंब्या असतील तर तेच पान खटकत नाही.

पिंपळाचं थोडं वेगळं. पातं लहान झालं तरी लांब देठ त्या मानाने आखडत नाही, म्हणून पानं लोंबतात आणि फांद्यांची रचना झाकली जाते. ती सळसळ मला आवडते, तुम्हाला नाही आवडणार. उंबराला फळं खोडालाच लगडतात आणि पान आटोक्यात आलं तरी फळ आपल्या मापाचंच राहतं, तेव्हा तिथे विनोदी दृश्याची तयारी ठेवावी. रबर आणि फिडल-लीफ या याच जातकुळीतल्या मोठ्या पानांच्या झाडांबाबत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत: फांद्या जाड, फुटवे विरळ, पान आडदांड. ते मोठ्या कुंडीतच शोभतात.

नवशिक्यांबद्दल विचाराल तर बेंजामिना मला वडापेक्षा नाजूक वाटतो. जागा बदलली की पानं गाळतो, आणि फांदी एकही पान न ठेवता छाटली तर ती वाळण्याची भीती असते. वड जुन्या लाकडावरही फुटतो, जाड फांदीपासूनही रुजतो. मायक्रोकार्पा सोपा आहे, यात वाद नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की घरातलं खिडकीजवळचं लांबुडकं वडाचं रोप टाकून द्यावं का. टाकू नका. हळूहळू पूर्ण उन्हात आणा, मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत लावून खोड हवं तितकं जाड होऊ द्या आणि मगच वरून छाटा. उथळ कुंडीची घाई करू नका, कारण तिथे गेल्यावर खोड जाड होणं जवळजवळ थांबतं.